झऱ्याची नाडी

सिस्टरना झाडांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली वाडीची बाग बघून परत जाणारी माणसं हमखास विचारतात, की त्या बाई वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या का हो? नव्हत्या. ऐन कुठला आणि किंजळ कुठला हे त्यांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. कैऱ्या लागल्या की हा आंबा आहे, एवढं त्या ठामपणे सांगायच्या. बाकी डोंगरावरच्या एकूण एक झाडाला त्यांच्याकडे एकच नाव होतं, बाळ. नवं पान फुटलं की बाळ रडलं. पान पिवळं पडलं की बाळाला कावीळ. गुरांनी शेंडा खाल्ला, की मग त्या गुरांच्या मालकाचं काही खरं नसायचं.

त्यांचं नाव जैबुन्निसा शेख. पण ते फक्त पेन्शनच्या कागदांवर. भोरपासून वरंधा घाटाच्या रस्त्याने हिर्डोशीपर्यंत, आणि रस्ता सोडून डोंगरात जेवढ्या म्हणून वाड्या आहेत तिथवर, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. उपकेंद्रातली नर्स म्हणून अख्खी नोकरी त्यांनी त्या पट्ट्यात काढली. गाड्या कमी, त्यामुळे बरीचशी नोकरी पायीच झाली. रिटायर झाल्यावरही त्यांनी पांढरी साडी सोडली नाही. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, पट्टा सैल, त्यामुळे ते सारखं कोपराकडे घसरायचं. खांद्याला बाळंतपणाची जुनी कातडी बॅग. त्यात आता कात्री आणि कापसाऐवजी खुरपं असायचं, पण बॅग तीच.

त्यांचे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते. ते लवकर गेले, पण भोरच्या स्टँडने सिस्टरना आपल्या घरातलंच माणूस मानलं. रविवारी सकाळची हिर्डोशी गाडी त्या आल्याशिवाय सुटत नसे. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा, गाडीतली माणसं चुळबुळतायत, आणि सिस्टर स्टँडवरच्या कुणा गरोदर बाईचं मनगट धरून तिला लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारतायत, हे दृश्य मी कितीतरी रविवारी पाहिलं. बोलताना समोरच्याची नाडी धरायची त्यांना सवयच होती. राजकारणावर बोलोत, मटणाच्या भावावर बोलोत, तुमचं मनगट त्यांच्या हातात. त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणं भल्याभल्यांना जड जायचं. आपल्या छातीतली धडधड त्यांना आयती कळतेय, ही भीती.

वाडीची बाग म्हणजे काय, ते सांगायला हवं. सर्वांत वर जननीची देवराई. देवराईभोवती आणि तिच्या खाली गावाचं गायरान, म्हणजे एक मोठा उतरता माळ. माळाच्या पायथ्याशी झरा, झऱ्याखाली वाडी, आणि वाडीच्या बरीच खाली नदी. वाडीतल्या म्हाताऱ्या सांगायच्या, की त्या नांदायला आल्या तेव्हा झरा पाऊस येईपर्यंत वाहायचा. पुढे दरसालच्या तोडीने माळ बोडका झाला, झाडांचे नुसते बुंधे उरले, माती धुपली, आणि झरा होळीलाच आटायला लागला. तिथून पुढे पाऊस पडेपर्यंत बायका नदीवर. उतरताना रिकामा हंडा आणि चढताना भरलेला, ही त्या वाटेची मोठीच खोड होती.

अशाच एका वैशाखात बबननानांची बायको साळूबाई, दिवस भरत आलेले असताना, पाण्याला गेली. बबननाना म्हणजे वाडीतलं वजनदार माणूस. भाताची चार खाचरं, दारात बैलजोडी आणि जिभेला हाड नाही. निरोप आला तेव्हा सिस्टर वाडीतच पोरांना लस टोचत होत्या. त्या धावत खाली उतरल्या, तर अर्ध्या वाटेत करवंदीच्या जाळीआड साळूबाई बाळंत होत होती. मुलगी झाली. नाळ कापली, आणि पोरीला पुसायला पाणी घ्यावं म्हणून बघितलं तर हंडा कलंडलेला, पाणी सगळं धुळीत मुरून गेलेलं. पोरगी जगली. वैशाखातली म्हणून तिचं नाव वैशाली ठेवलं. पण ते सांडलेलं पाणी काही सिस्टरच्या मनातून गेलं नाही. "म्या लई बाळंतपणं केली," त्या म्हणायच्या, "पण पोर कोरड्या फडक्यानं पुसलं ते एकच." एरवी कुठलीही गोष्ट त्या हसत सांगायच्या, ही सांगताना हसत नसत.

रिटायर झाल्या त्याच वर्षी त्यांनी वाडीला सांगितलं, की मला वैशाखात वाहणारा झरा बघायचाय. त्यासाठी काय करावं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्यांनी विचारत विचारत गोळा केलं. जंगल खात्यातल्या गार्डला विचारलं, पुण्याहून किडे शोधायला आलेल्या एका प्राध्यापकाला विचारलं, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच निघाला. माळाला विश्रांती द्या, पाणी अडवा, झाडं वाढू द्या. ग्रामसभेत ठराव झाला. माळाला दगडांचा गडगा घातला, गुरं बंद, कुऱ्हाड बंद, आणि दर रविवारी प्रत्येक घरातलं एक माणूस श्रमदानाला. कुणीतरी पत्र्यावर 'ग्राम निसर्ग उद्यान' असं रंगवून आणलं. वाडीने मात्र पहिल्या दिवसापासून तिला बागच म्हटलं.

मी तेव्हा भोरला टेलिफोन खात्यात होतो. बदलीवर आलो होतो, आणि पुन्हा पुण्याला कधी जातोय याची वाट बघत बसलो होतो. रविवार जाता जात नसे. वाडीत फोनची तार ओढताना सिस्टरची ओळख झाली आणि त्यांनी बोलावलं म्हणून मी एका रविवारी गेलो, तर मला वाटलं, रोप लावायला देतील, फोटोबिटो काढू. त्यांनी माझ्या हातात हंडा दिला आणि नदीची वाट दाखवली. बागेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे चुकलं नव्हतं. आधी नदीवरून एक हंडा आणायचा, मगच गडग्याच्या आत पाय. मी वर पोचलो तेव्हा निम्मं पाणी माझ्या पँटवर होतं आणि उरलेलं निम्मं हंड्यात होतं. सिस्टरनी माझी नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं आणि वाडीतल्या बायकांना सांगितलं, की फोनवाले जगतील. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, फोनवालेच म्हणत राहिल्या. मीही तेव्हापासून बदलीचा अर्ज करायचा विसरून गेलो.

त्यांची दुसरी एक सवय होती, ती बघायला मला फार आवडायचं. काम सुरू करायच्या आधी त्या झऱ्यावर जायच्या. तिथे दगडातून पाणी पडायला एक पन्हळ होती. पन्हळीखाली त्या कळशी धरायच्या आणि दुसरा हात वर करून, कोपराकडे घसरलेलं घड्याळ झटका देऊन खाली आणून, कळशी भरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या. तीच नर्सची मुद्रा, ओठ मिटलेले, भुवया किंचित वर. कळशी भरली की म्हणायच्या, "बरी हाय आज," किंवा "जरा मंद चालतीय." किती मिनिटं लागली, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पेशंटसमोर आकडे बोलायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण होळी जवळ आली की त्यांचा चेहरा बघून वाडी ओळखायची, आता नदीवर जायचे दिवस आले.

झाडं कळत नसल्याचे परिणाम व्हायचे ते होतच होते. पहिल्या पावसाळ्यानंतर गडग्याच्या कोपऱ्यात एक रोप त्यांच्या डोळ्यात भरलं. इतर बाळं कशीबशी तग धरून होती आणि हे पठ्ठं आठवड्यागणिक हातभर वाढत होतं. सिस्टरनी त्याला काट्यांचं कुंपण केलं, शेणखत घातलं, घरून दुधाच्या पिशव्या धुतलेलं पाणी बाटलीत भरून आणून घातलं. येईल त्याला त्या ते दाखवायच्या, की असं वजन पायजे. ते झाड नव्हतंच. ती रानमोडी होती, एकदा माजली की सगळा डोंगर गिळणारं तण. हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण सांगणार कोण? ऐकणाऱ्या प्रत्येकाला जगात त्यांनीच आणलेलं. शेवटी साळूबाईने धीर केला. सिस्टर क्षणभर त्या रोपाकडे बघत राहिल्या, आणि मग इतक्या हसल्या की खाली बसल्या. त्यांनी ते आपल्या हाताने उपटलं, उन्हात उलटं टाकलं, आणि कुंपणाचे काटे गोळा करून शेजारच्या मरतुकड्या जांभळीला घातले. ती जांभूळ आज देवळाच्या कळसाएवढी झाली आहे.

दोन पावसाळे गेले. झरा होळीच्या पुढे सरकला, पाडव्यापर्यंत पोचला. मग राबाचं प्रकरण आलं.

आमच्या त्या भागात भाताचं रोप करायच्या जागेवर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पाला, शेण असं पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप नाही, रोपाशिवाय लावणी नाही. फांद्या पूर्वीपासून यायच्या त्या गायरानातल्या ऐन-किंजळीच्या, आणि गायरान तर आता बंद. पहिली दोन वर्षं लोकांनी बांधावरच्या झाडांवर भागवलं. तिसऱ्या वर्षी ती झाडं बोडकी झाली आणि जननीच्या देवळात बैठक बसली. बबननाना उठले आणि एकदाच बोलले, पण मुद्द्याचं बोलले. "पाण्याबिगर बाया मरत्यात, मान्य. पर भाताबिगर आमी सगळीच मरू. कुऱ्हाड उघडा न्हाईतर बाग मोडा." बऱ्याच माना हलल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यांचं पटलं होतं. देवळात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, की आज बाग मोडली तर झरा पुन्हा होळीला आटणार.

सिस्टर देवळाच्या पायरीवर बसायच्या, आत येत नसत. त्या तिथूनच बोलल्या. त्यांनी बबननानांना बाजूला बसवून त्यांचं मनगट धरलं आणि अगदी सावकाश विचारलं, की बबन, वैशालीनंतर तुझ्या धाकट्याचा पाळणा किती वर्षांनी हलला रे? नाना गोंधळले. बायकांत हसू पसरलं, कारण त्या काळात पाळणा लांबवा, पाळणा लांबवा म्हणत सिस्टर दारोदार फिरायच्या आणि त्या दिसल्या की वाडीतले नवरे गोठ्यात जाऊन लपायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. नाना पुटपुटले, की तीन वर्षांनी. "मंग साळूची तब्येत धरली का न्हाई?" सिस्टर म्हणाल्या. "झाडाचं बी तेच. दरसाल तोडशील तर मरंल. तीन वर्सांनी एकदा तोड, ते बी फांदी, खोड न्हाई. बागेचं तीन वाटं करू. औंदा एक वाटा राबाला, बाकी दोन निजलेलं."

मग बबननानाच म्हणाले, की पहिला वाटा खालच्या अंगाचा धरावा, तिथली ऐनं जुनी आहेत. झालं. त्या दिवसापासून बागेच्या तीन भागांना वाडीत पाळणे म्हणतात. पहिला पाळणा, मधला पाळणा, वरचा पाळणा. औंदा कुठला पाळणा हलतोय, असं दाढीमिशावाली माणसं एकमेकांना न लाजता विचारतात. कुठल्याही मोठ्या माणसाच्या योजनेत मी असली अक्कल पाहिलेली नाही, आणि ती एका नर्सला तिच्या नोकरीतून सुचली याचा मला आजही अभिमान वाटतो. तिथे तेव्हा मी हजर होतो, याचाही वाटतो.

बागेचं नाव पसरलं. वेल्ह्याकडच्या एका गावाची माणसं टेम्पो भरून बघायला आली. त्यांचे सरपंच कडक इस्त्रीच्या कपड्यात होते. त्यांना वाटलं, हंड्याची गंमत आपल्याला लागू नसणार. सिस्टरनी त्यांना चुंबळसुद्धा स्वतःच्या हाताने करून दिली. सरपंच वर आले तेव्हा इस्त्री राहिली नव्हती, पण माणूस उमदा होता. त्यांनी घाम पुसत आपल्या लोकांना सांगितलं, की आपल्या गावात हे काम बायकांना विचारून करायचं. सिस्टरनी त्यांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. ईदच्या नंतरच्या रविवारी सिस्टर शीरखुर्म्याची किटली घेऊन डोंगर चढायच्या, आणि दिवाळीनंतर रिकामी किटली करंज्यांनी भरून परत यायची. त्याबद्दल कुणी कधी काही विशेष बोललं नाही. जननीला नारळ फोडायची वेळ आली की म्हातारे सिस्टरकडे बघायचे, आणि त्या म्हणायच्या, की देवी बाईमाणूस हाय, तिला पाण्याचं आपल्यापेक्षा जास्त कळतं, फोडा तुमी.

मग एका फाल्गुनात आग आली.

होळीच्या आधी आपापल्या मालकीचा माळ जाळायचा, म्हणजे पावसाळ्यात गवत जोमाने येतं, अशी तिकडे समजूत आहे. बापजाद्यांपासून करत आलेत. बबननानांचा माळ बागेला लागून. त्यांनी मध्ये एक पट्टा साफ केला होता, पण भर दुपारी, वारा उठायच्या वेळेला काडी लावली. वाऱ्याने गडगा ओलांडला. रविवार होता, आम्ही सगळे तिथेच भाकरी खात होतो. ओल्या डहाळ्या घेऊन माणसं धावली. सिस्टर तोवर गुडघ्यांनी अधू झाल्या होत्या. त्या झऱ्यावर बसून गोणपाटं भिजवून देत होत्या आणि बायका ती वर पोचवत होत्या. ऊन कलेपर्यंत आम्ही देवराई वाचवली. पण बाग गेली. झऱ्याच्या वरचा मधला आणि वरचा पाळणा काळाठिक्कर झाला.

धुरातून शेवटी खाली आले ते बबननाना. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. कुणी त्यांच्याकडे बघेना. सिस्टरनी त्यांना पन्हळीखाली बसवलं आणि त्यांच्या हातांवर पाणी सोडत राहिल्या. त्या दिवसांत झऱ्याला धार बारीक असायची आणि त्या थेंब थेंब जपायच्या, ते पाणी त्यांनी कळशीवर कळशी त्या हातांवर ओतलं. हात हलवू नकोस, एवढंच म्हणाल्या. लोक दंडाची भाषा बोलायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं, की याचे हात बरे होईपर्यंत याच्याशी कुणी भांडायचं नाही. हात बरे झाल्यावर स्वतःच दंड सांगितला. दरसाल थंडी सरता सरता बागेभोवतीचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, बबनने काढायची. "आग कुठनं आत येती, ते त्याच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

त्या वर्षी झरा होळीलाच बंद पडला. बायका पुन्हा नदीच्या वाटेला लागल्या. सिस्टर रविवारी यायच्या, पन्हळीखाली कोरडी कळशी धरायच्या, घड्याळाकडे न बघता ठेवून द्यायच्या. एकदा परतीच्या गाडीत माझं मनगट त्यांच्या हातात नव्हतं, हे भोर आल्यावर माझ्या लक्षात आलं. पुढे पाऊस लागला आणि त्यांनी यायचंच बंद केलं. गुडघे दुखतात म्हणायच्या. मी घरी गेलो की चहा करायच्या आणि खिडकीतून रस्ता बघत बसायच्या. एकदाच म्हणाल्या, "फोनवाले, पोर हातात गेलेलं म्या पायलंय. पर सगळा वॉर्ड एकदम गेलेला न्हाई पायला."

आषाढातली गोष्ट. वाडीत लावण्या ऐन रंगात होत्या. लावणीच्या दिवसांत तिकडचा शेतकरी मयतालासुद्धा उशिराच जातो. अशा वेळी बबननाना चिखलाचे पाय घेऊन सकाळच्या गाडीने भोरला सिस्टरच्या दारात. मी तिथेच होतो, त्यांचा फोन बंद पडला होता म्हणून. नाना ओट्यावरही टेकले नाहीत. वर चला, एकदा बघून जावा, एवढंच म्हणत राहिले. काय झालं ते सांगेनात. सिस्टर चिडल्या, गुडघ्यांचं सांगून बघितलं, मग उठल्या आणि सवयीने कातडी बॅग खांद्याला लावली. डोंगरातून कुणी बोलवायला आलं की बॅग घ्यायची, इतकंच त्यांना येत होतं. मीही निघालो.

वाडीपासून माळापर्यंत नानांनी त्यांना धरून नेलं. भाजलेल्या हातांची कातडी अजून गुलाबी होती. मधल्या पाळण्यात, जळून काळ्या झालेल्या ऐनाच्या एका बुंध्याजवळ ते थांबले आणि गवत बाजूला केलं. बुंध्याच्या मुळाशी चहूबाजूंनी धुमारे आले होते, तांबूस, बोटभर लांब, पावसाने ओले. नानांनी दुसरा बुंधा दाखवला. मग तिसरा. सगळा माळ तसाच फुटला होता. जुन्या मुळांना आग पोचली नव्हती. वाडीतल्या प्रत्येकाला हे होणार माहीत होतं, फक्त सिस्टरना नव्हतं. त्या मेलं समजून बसल्या होत्या आणि त्यांचं मन इतकं मोडलंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नानांच्या आलं.

ते बुंध्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "रडलं बघा, सिस्टर."

सिस्टर चिखलात खाली बसल्या. त्यांनी एक धुमारा दोन बोटांत धरला, जसं त्या मनगट धरायच्या तसा, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग बबननानांना म्हणाल्या, "लावणी टाकून आलास व्हय रं? जा पळ, साळू एकटी वाकली आसंल." आणि डोळे पुसले. त्यांचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

पुढची चार-पाच वर्षं बबननाना जाळपट्टा असा काढायचे, की त्याच्यावर भाकरी थापावी. आग आली नाही. पाळणे ठरल्याप्रमाणे हलत राहिले. झरा पाडव्याला पोचला, मग हनुमान जयंतीला, मग अक्षय तृतीयेच्या जवळपास. मोबाईल आले, आमच्या टेलिफोन खात्याची रया गेली, माझी नोकरी संपत आली. सिस्टरही थकल्या. पुण्यातला मुलगा त्यांना कायमचं घेऊन जाणार, असं ठरलं. गुडघ्यांनी वाडी आता होत नव्हती. जायच्या आधी त्यांनी एवढंच मागितलं, की वैशाखात एकदा मला वर न्या.

आम्ही त्यांना जीपने वाडीपर्यंत आणि तिथून खुर्चीवर बसवून झऱ्यापर्यंत नेलं. खुर्चीच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला बबननाना. वैशाखाचं कडक ऊन, डोंगर सगळे पिवळे, फक्त बागेचा उतार हिरवा. झऱ्यावर बायकांची रांग होती. पन्हळीतून पाणी पडत होतं. धार मोठी नव्हती, मनगटाएवढीही नव्हती. पण तुटत नव्हती.

रांगेत वैशाली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, कमरेवर छोटी कळशी. सिस्टरनी आधी तिची नाडी धरली, गोळ्यांचं विचारलं, हंडा उचलत नाहीस ना ते विचारलं. तिने मान हलवली. हितनं घर दोन पावलांवर तर हाय, म्हणाली. मग सिस्टरनी तिची कळशी मागून घेतली आणि खुर्चीतून वाकून पन्हळीखाली धरली. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराशी गेलं. आता झटका देऊन ते खाली आणतील, भुवया वर करतील आणि बरी हाय की मंद हाय ते सांगतील, म्हणून आम्ही सगळे थांबलो.

कळशी भरली. काठावरून पाणी सांडायला लागलं.

"सिस्टर, भरली की," वैशाली म्हणाली.

"कळतंय मला," सिस्टर म्हणाल्या. "वाहू दे जरा."

पाणी त्यांच्या बोटांवरून, पांढऱ्या पदरावरून खाली दगडांवर जात होतं. घड्याळ कोपराशी तसंच होतं. त्याच्याकडे त्यांनी बघितलंच नाही.